तळमजल्यावरची कोरडी खोली

४ फेब्रुवारी

उंटा,

वर आशीर्वाद लिहू का, असं काकूने विचारलं. मी म्हटलं, जागा अडवू नकोस, ते त्याच्याकडे आधीच भरपूर पडलेत.

तू गेल्याला आठ दिवस झाले. पोचल्याचा फोन आला, पण त्या फोनमधून तुझा आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो, आणि मी घसा साफ करेपर्यंत तुझा काका फोन ओढून घेऊन तुला तिथली हवा विचारायला लागतो. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मधे कोणी तोंड घालत नाही. काकू लिहायला बसली आहे. ओटा आवरून, हात पुसून, चष्मा लावून बसली आहे. काकू फार चांगली आहे. हे तिने सांगितलेलं नाही, मीच सांगतेय, आणि तिने मान वर न करता लिहिलंय.

जाताना तू काय बोललास ते माझ्या ध्यानात आहे. तुझ्या ध्यानातून गेलं असेल तर ऐक. तीन महिन्यांत त्या शहरातले सगळे वजनकाटे तपासून झाले की कंपनी तिथेच कचेरी काढणार, आणि जो हे काम मधे न सोडता पुरं करील त्याला तिथे कायम करणार. मग तू दोन खोल्या घेणार आणि मला न्यायला येणार. मधेच पळून आलास तर ती जागा तुझ्याबरोबरच्या त्या टकल्याला जाणार. म्हणजे तीन महिने तू तिथे टिकायचं आणि मी इथे. तुझे आईबाप गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझं दुखणंखुपणं काढलं, तुझ्या गणिताला कंटाळलेल्या तीन मास्तरांची समजूत काढली. मला तीन महिने जड नाहीत. तू आपलं बघ.

इथली बातमी म्हणजे काकाची लेक बाळंतपणाला येतेय. जुळं आहे म्हणे. खोल्या तीनच आहेत, त्या काही वाढणार नाहीत. माझ्या खाटेजवळच्या खिडकीत उजेड छान येतो, असं काकू काल दोनदा म्हणाली. उजेड छान येतोच. तीस वर्षं येतोय.

तुझं उत्तर घरी पाठवू नकोस, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईच्या दुकानात पाठव. आपल्या जिन्यातल्या कुत्र्याचं आणि पोस्टमनचं बिनसलंय, त्यात कागद फाटतात. शिंपीणबाईकडे मी रोज बसायला जातेच. ती मशीन चालवता चालवता वाचून दाखवते, त्यामुळे तुझं पत्र मला जरा धावत ऐकावं लागेल.

राहायची जागा मिळाली का ते कळव. नुसतं मिळाली म्हणू नकोस. खिडकीतून काय दिसतं, उशाला भिंत आहे का दार, सगळं सांग. मला वाचता येत नाही, कागद पुन्हा उघडून बघायची सोय नाही, म्हणून मी ऐकलेलं मनात मांडून ठेवते.

आजी


१२ फेब्रुवारी

आजी,

उंट सुखरूप आहे आणि दमलाय.

जागा मिळालेली नाही. म्हणजे आत्तापर्यंत तीन मिळाल्या आणि तीन सुटल्या. कंपनी राहण्यासाठी जेवढं देते तेवढ्यात या शहरात एकतर उंची मिळते नाहीतर ओल.

पहिलं लॉज उंच. तिसरा मजला, जिना इतका अरुंद की पेटी पुढे आणि मी मागे, असे आम्ही एकेक पायरी चढलो. माझ्या पेटीचं तुला माहीत आहे. लोखंडी वजनं कंपनीच्या ट्रकमधून येतात, पण पितळी वजनांची पेटी सतत माझ्याजवळ लागते, कारण त्या वजनांवरून बाकी सगळं जग खरं का खोटं ते ठरतं. एका माणसाने उचलू नये इतकी जड, आणि मी एकटा. रोज सकाळी उतरवायची, संध्याकाळी चढवायची. खोलीतला आरसा कुणा ठेंगण्या माणसाने ठोकला होता. सहा दिवस मी दाढी करताना फक्त शर्टाची बटणं पाहिली. सातव्या दिवशी कंबर धरली, तेव्हा सोडलं.

दुसरं तळमजल्यावर. मॅनेजरने कौतुकाने दार उघडलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर ओलं होऊन पोक काढून उभं होतं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर दोन वजनांवर काळे डाग. ही वजनं आम्ही उघड्या हाताने धरत नाही, हातमोजे घालतो, कारण बोटांचा घामसुद्धा त्यांना चढतो. महिन्याअखेर ती मुख्य प्रयोगशाळेत तपासली जातात. त्यात एखादं कणभर जास्त भरलं तर मी तपासलेले सगळे काटे पुन्हा तपासायचे, आणि मग टकल्याची चांदी. डाग पुसून निघाले, पण पेटी पुन्हा तिथे ठेवण्याची हिंमत झाली नाही.

तिसरी जागा एका बाईंच्या घरी, मागची खोली, चांगली कोरडी. बाईंनी पेटीकडे बोट दाखवून विचारलं, यात काय? मी म्हटलं, वजनं. कसली? मी म्हटलं, वजनं मोजायची वजनं. बाई म्हणाल्या, "साधं चोर आहे म्हणाला असतास तरी विचार केला असता." दार लागलं.

कामाचं ठीक चाललंय. काल इस्पितळातला बाळांचा काटा तपासला. तो प्रत्येक बाळाला ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होता. मी तो दुरुस्त केला आणि एका सकाळीत वॉर्डातली सगळी बाळं बारीक झाली. तिथली नर्स माझ्याशी बोलत नाही.

सध्या त्या ओल्या लॉजवरच रात्र काढतो, पेटी तेवढी कामाच्या जागी कुलपात ठेवतो. उद्यापासून पुन्हा शोधतो. तुझ्या खिडकीतला उजेड कसा आहे?

तुझा उंट


ठिकाण : लेखनिकाचे राहते घर
दिनांक : २५ फेब्रुवारी

उंट ऊर्फ नातू यांस,

तुझं पत्र मिळालं. शिंपीणबाईने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मशीन थांबवून. आतोबा सहज आमच्याकडे डोकावले होते, त्यांना धरून लिहायला बसवलंय. तुझ्या आत्याने नवरा कोर्टातला कारकून केला त्याचा आज मला पहिल्यांदा उपयोग झाला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. मला काय, माझ्या लेखी सगळ्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

सदर नर्सने तुझ्याशी न बोलणे योग्यच आहे. आई नऊ महिने वाट बघते, आणि तू येऊन ऐंशी ग्रॅम काढून घेतोस. खरं बोलायचं असेल तर जरा हळू बोलावं माणसाने.

आता खोलीचं. तू मॅनेजरला विचारतोस तिथेच चुकतोस. मॅनेजर त्याला जी खोली खपवायची आहे तीच दाखवणार. जी बाई खोल्या झाडते तिला विचार. कुठल्या खोलीत फरशी लवकर वाळते हे तिच्याइतकं कोणाला माहीत नसतं. आणि भिंतीला हात लावून बघू नकोस, गाल लाव. हाताला ओल कळत नाही, गालाला कळते. लोक हसतील. तसेही तुला बघून हसतातच.

काकाच्या लेकीला दोन मुली झाल्या. एक गोरी आणि रडकी, एक सावळी आणि शहाणी. दोघींची मिळून घरात जत्रा आहे. मी मजेत आहे, असे निवेदकाचे म्हणणे आहे. माझी खाट खिडकीजवळच आहे, असेही निवेदकाचे म्हणणे आहे. दोन्ही वेळचं जेवते, झोप लागते, आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसते.

आतोबांचा गुडघा पुढच्या आठवड्यात कापणार आहेत. आत्याची धावपळ चालली आहे. त्यांच्या घरात आता गुडघा सोडून दुसरं कोणी राहत नाही असं वाटतं. हे वाक्य लिहू नका म्हटलं होतं, पण त्यांनी ते लिहिलेलं दिसतंय, पेन हललं.

दोन महिने राहिले. त्यातले दोन-तीन दिवस तर हे पत्र पोचण्यात जातील. धीर धर.

आजी

वरील मजकूर वृद्ध निवेदकाच्या सांगण्याबरहुकूम लिहिला, वाचून दाखवला, तो तिला मान्य आहे. लेखनिक.


५ मार्च
(कार्ड)

आजी,

जागा मिळाली. झाडणाऱ्या बाईनेच सांगितली. तळमजला, कोरडी, गाल लावून पाहिला. खिडकी मागच्या अंगणात उघडते, खाली दोरीवर घरमालकाचं धुणं वाळत असतं, पांढऱ्या चादरी. उशाला भिंत. पेटी खाटेखाली बसते. आता काळजी करू नकोस. आतोबांना सांग, गुडघ्याला जपा. ते तुमच्याकडे नेहमी येतात का?

उंट


१७ मार्च

आजी,

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितोय.

कामाचा जोर वाढलाय. धान्याच्या गोदामांचे भुईकाटे सुरू झाले. ट्रकसकट माल तोलायचा तो लोखंडी काटा, त्याच्या पोटात उतरून बघावं लागतं. आत माती, दाणे, उंदीर. एका गोदामाचा काटा प्रत्येक गाडीमागे अर्धं पोतं खात होता, आणि गोदामवाला शपथेवर सांगत होता की काटा त्याच्या वडिलांइतका सरळ आहे. मी म्हटलं, मग वडिलांनाही एकदा तपासू. तो हसला, म्हणून बरं.

टकल्या शहराच्या पलीकडच्या भागात आहे. त्याला त्याच्या मावशीकडे राहायला मिळालंय. रोज डबा घेऊन येतो आणि माझ्यासमोर उघडतो.

खोली ठीक आहे. पहाट झाली की खिडकीला घासून ट्रक जायला लागतात, त्यामुळे घड्याळाची गरज नाही. पाठ जरा आखडते, लांब खाट या शहरात कोणी बनवत नाही. पण कोरडी आहे, पेटीतल्या वजनांवर एक डाग नाही. महिन्याच्या तपासणीत सगळी बरोबर भरली. साहेबांनी मान हलवली. साहेब मान हलवतात म्हणजे खूप झालं.

सहा आठवडे राहिले, आजी. तू लिही. कोणाच्याही हातून लिही.

उंट


२४ मार्च

उंटा,

तुझं कार्ड आणि पत्र एकामागून एक ऐकलं. आज दुकानात गर्दी कमी आहे म्हणून शिंपीणबाईनेच पेन धरलंय. घरी सगळ्यांना कामं आहेत. मी इथे दिवसभर बसून काजं करते, बटणं लावते, शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे. सुई ओवायला शिंपीणबाई, टाके माझे. संध्याकाळी घरी जाते.

आता मला सांग. कार्डात तुझी खिडकी अंगणात उघडत होती आणि खाली पांढऱ्या चादरी वाळत होत्या. पत्रात खिडकीला घासून ट्रक जातात. बारा दिवसांत घरमालकाने अंगण विकलं का? का ट्रक चादरींवरून जातात? कार्डात पेटी खाटेखाली मावत होती आणि पत्रात खाटेचं नुसतं नाव निघालं तर पाठ आखडते म्हणालास. ज्याच्या खाटेखाली एवढी पेटी मावते ती खाट आखूड असली तरी उंच असणार, उंच खाट लॉजवाले ठेवत नाहीत. ती खाट नाहीच. दोन बाकं जोडलीत तू. बाही साडेआठ, कॉलर नको. लहानपणी शाळेत पायरीवर झोपायचास आणि घरी येऊन सांगायचास की मास्तरांनी मला चटईवर झोपवलं, तेव्हाही तुझी पाठ अशीच बोलायची.

तू लिहितोस आणि विसरतोस. कागदावर टाकलं की डोक्यातून गेलं, तुम्हा शिकलेल्यांचं असंच असतं. मला विसरायची सोय नाही. तुझं पहिलं पत्र, दुसरं, कार्ड, सगळं माझ्याकडे शब्दाला शब्द आहे. आठवीत असताना वही हरवली म्हणून जे सांगितलं होतंस तेसुद्धा आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

तेव्हा मुकाट्याने सांग, तू कुठे निजतोस. खोटं सांगण्याइतका मोठा झालास, पण नीट खोटं सांगण्याइतका नाही.

माझं छान चाललंय. जुळ्या मुली अंगठे चोखायला लागल्यात. खाट खिडकीत आहे. उजेड येतो.

आजी


३० मार्च

आजी,

बरं. सांगतो.

मी गोदामाच्या भुईकाट्याच्या केबिनमध्ये राहतो. पावत्या फाडायची केबिन. दोन बाकं जोडली आहेत, हे तुला कसं कळलं ते मला अजून कळत नाही. गोदामवाल्याने परवानगी दिली, कारण पेटी तिथे असली की रखवालदारही सावध राहतो. जागा कोरडी आहे, दाण्याला ओल चालत नाही म्हणून. अंगण, चादरी, घरमालक, सगळं मी बसस्टँडवर कार्ड लिहिताना समोरच्या घराच्या मागे बघून लिहिलं. तुला एक खिडकी हवी होती म्हणून दिली.

आता तुझी पाळी.

आजी, तुला माहीत नाही, कारण तुला कोणी सांगितलंच नसणार. प्रत्येकाचं अक्षर वेगळं असतं. चेहऱ्यासारखं. पहिलं पत्र काकूचं, ती अक्षरं गोल काढते, माझ्या शाळेच्या डब्यावर नाव तीच लिहायची. दुसरं आतोबांचं, आणि त्यांनी वर कोर्टातल्या सवयीने ठिकाण घातलंय : लेखनिकाचे राहते घर. तू म्हणालीस ते सहज तुमच्याकडे डोकावले होते. आणि तुझ्या प्रत्येक थापेपुढे त्यांनी "असे निवेदकाचे म्हणणे आहे" असं लिहून आपले हात झटकलेत. तिसरं शिंपीणबाईंचं, पावतीपुस्तकाच्या पाठीवर, मधे कोणाच्या तरी बाहीचं माप घातलंय. संध्याकाळी घरी जाते म्हणतेस, पण त्या पत्राला खाली सकाळच्या दुधाच्या भांड्याचा गोल उमटलाय, आणि शिंपीणबाईंचं दुकान सकाळी दहाला उघडतं.

तू काकाच्या घरी नाहीस. आत्याकडेही नाहीस. तू दुकानात राहतेस. कापडाच्या ताग्यांमध्ये. बरोबर?

मी रागावलेलो नाही, मला फक्त खूप दमल्यासारखं झालंय. मी इथे तीन महिने कसले काढतोय? ज्या खोल्यांसाठी काढतोय, त्या मिळेपर्यंत तू ताग्यांवर आणि मी बाकांवर. हे असलं कायम होणं नको मला. टकल्याला मिळू दे ती जागा. शुक्रवारपर्यंत मी शहराबाहेरच्या मोठ्या गोदामावर आहे, ते काम अर्धवट टाकता येत नाही. शनिवारी सकाळी तिथूनच बस धरतो. रविवारी तुझ्यासमोर असेन. कुठे राहायचं ते बघू. दोघांना मिळून कुठेतरी आडोसा मिळेल.

उंट


४ एप्रिल, शुक्रवार

उंटा,

शनिवारची बस धरू नकोस. मी आले आहे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. शिंपीणबाईने वाचलं, मग मशीनवर हात ठेवून बसली, आणि मी माझी पिशवी भरायला घेतली. ती म्हणाली, एवढ्या लांब, या वयात, एकट्या. मी म्हटलं, तो येण्याआधी मला पोचायला हवं, नाहीतर त्याचे दोन महिने मातीत. तिने बसमध्ये बसवून दिलं. कंडक्टरने दर थांब्यावर मी जिवंत आहे ना ते बघितलं. इथे उतरल्यावर त्यालाच विचारलं, म्हाताऱ्या बाईला परवडेल असं राहायला कुठे मिळेल, आणि त्याने हे लॉज दाखवलं. मॅनेजर समोर बसून लिहितोय. तो तिरसट आहे, पण लिहितो. चेहरा बघता त्याने वाक्य गाळलेलं नाही.

हे पत्र तुझ्या गोदामाकडे निघालेल्या धान्याच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय, म्हणजे आज संध्याकाळच्या आत तुझ्या हातात पडेल, आणि लॉज कुठलं तेही तोच सांगेल. नाही पडलं आणि तू उद्या तिकडे गेलास, तर आपली दोघांची रस्त्यात चुकामूक होईल आणि मी इथे बसून तुझी मरेपर्यंत वाट बघेन, एवढं ध्यानात ठेव.

अक्षराचं खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, लिहिणारा कोणी असो, क म्हणजे क. पाणी कोणीही ओतलं तरी पाणीच. ऐंशी वर्षांत एकाने तोंड उघडून सांगितलं नाही. मी मारे तुझ्या चादरी पकडत होते आणि माझं सगळं पाकिटाच्या तोंडाशीच उघडं पडलेलं.

आता तू विचारशील म्हणून सांगते. मला कोणी हाकललं नाही. काकाकडे जुळं आलं, खाट त्यांना लागली, काकू रडली. खोटं नाही रडली. आत्याकडे गेले तर तिथे गुडघा आला. शिंपीणबाईने दुकानात ताग्यांवर गादी घातली, आणि तिचं घर दुकानाच्या मागे एका खोलीचं, त्यात पाच माणसं. कोणी वाईट नाही, उंटा. सगळे दमलेत. पण प्रत्येक घरात दोन-तीन दिवस गेले की कोणीतरी दुसऱ्या खोलीत कोणाला तरी हळूच विचारायचं, किती दिवस? मला ऐकू कमी येतं असं सगळ्यांना वाटतं. फोनवर कमी येतं, भिंतीतून नाही.

या मॅनेजरनेही आल्याआल्या तेच विचारलं. किती दिवस? माझ्या तोंडावर, पेन हातात घेऊन, सरळ. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला पाणी मागितलं आणि खुर्चीत बसले. मी म्हटलं, तीन आठवडे, मग नातवाची नोकरी पक्की होईल आणि आम्ही खोल्या बघू. मी आणि नातू, दोघं. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला आम्ही वर चढवत नाही, तळमजल्याची मागची देतो. आयुष्यात पहिल्यांदा म्हातारं असण्याचा फायदा झाला. खोली कोरडी आहे, दोन खाटा आहेत, एक लांब आहे. भाडं कंपनी तुला देते त्यात थोडी भर घालून भागतं, आणि ती भर माझ्या काजाबटणांच्या पैशांत होते. यावर तू एक अक्षर बोलायचं नाहीस, आता मला कळलंय की अक्षरं ओळखता येतात.

तेव्हा काम टाकू नकोस. उद्याचा दिवस पुरा कर, संध्याकाळी पेटी घेऊन इथे ये. सोमवारी पुन्हा काट्याच्या पोटात उतर. साहेबांना काही सांगू नकोस, टकल्याला तर नाहीच.

एकच अडलंय. इथे एक मोठी वही आहे, येणाऱ्या प्रत्येकाचं त्यात लिहावं लागतं. नाव लिहिलं, वय लिहिलं, थोडं कमी. कुठून आलात, असं त्याने विचारलं. मी सांगायला लागले, लेकाकडून, लेकीकडून, मैत्रिणीकडून, तर तो म्हणाला, आजी, रकाना लहान आहे, एक काहीतरी बोला. कशासाठी आलात? मी म्हटलं, नातवाला कामावरून पळू द्यायचं नाही म्हणून. ते त्याने लिहिलं. मग त्याने पेन उचलून विचारलं, पुढे कुठे जाणार?

मी म्हटलं, कुठे नाही.

तो म्हणाला, असं चालत नाही. इथे येणारा प्रत्येक माणूस पुढे कुठेतरी जातोच, वीस वर्षं वही भरतोय. मी म्हटलं, मग तुमच्याकडे वीस वर्षांत घरी पोचलेलं कोणी आलेलं नाही. त्याने तो रकाना मोकळा सोडला आणि मला चावी दिली.

किल्लीला लाकडाचा एवढा मोठा ठोकळा बांधलाय की हरवायची सोय नाही. हे पत्र गेलं की मी दार लावून घेते. दमले आहे, आता आडवी होते. कोणी ऊठ म्हणणार नाही.

आजी